उन्हाळ्यात आटलेल्या नदीवर मासेमारी : पुणे परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी उलटून नद्यांचे खडक उघडे पडायला लागले की ओळखीपाळखीचे लोक मला गळाबद्दल विचारायला लागतात. माझं आजोळ दौंड तालुक्यात, भीमेच्या काठावर. आठव्या वर्षापासून मामाच्या शेजारी गळ धरून बसत आलोय. आता राहतो पुण्यात, पण एप्रिल-मे महिन्यांतल्या चार पहाटा तरी नदीवर जातातच. खालची उत्तरं त्यातूनच आली आहेत. एक आधीच सांगतो. उन्हाळ्यात मासा सापडणं सोपं असतं, म्हणूनच या दिवसांत हात आखडता घ्यावा लागतो. बरीचशी उत्तरं फिरून फिरून याच गोष्टीवर येतील, त्याला इलाज नाही.

उन्हाळ्यात मासे जास्त लागतात हे खरं का?

खरं आहे. पावसाळ्यात मैलभर पसरलेलं पाणी मे महिन्यात चार-सहा डोहांत गोळा होतं आणि त्या पाण्यातले मासेही तिथेच कोंडले जातात. मग वाम, मरळ, कोळस, शिंगटी, खेकडे, झिंगे सगळे एका डोहात. ज्याला गळ नीट बांधता येत नाही त्यालाही काही ना काही लागतं.

मामा म्हणायचा, "डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी. घरात दाणा नसला तरी बियाण्याला हात लावायचा नाही." मृगाचा पाऊस लागला की याच डोहातले मासे वर चढणार, अंडी घालणार आणि त्यातून पुढच्या वर्षीची नदी भरणार. डोह मे महिन्यात उपसून रिकामा केला तर पाऊस कितीही पडो, चढायला मासाच उरत नाही. म्हणून आटत चाललेल्या छोट्या डोहात मी गळ टाकतच नाही. मोठ्या पाण्यावर बसतो आणि घरच्या एका कालवणापुरते झाले की तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळतो.

पुण्याच्या नद्या उन्हाळ्यात इतक्या का आटतात?

या सगळ्या नद्या पावसावरच्या. हिमालयातल्या नद्यांसारखं बर्फाचं पाणी यांना नाही. जून ते सप्टेंबर जे पडतं त्यावरच वर्ष काढायचं, आणि तेही धरणांत अडवलेलं. मुठेवरचं टेमघर, तिच्या उपनद्यांवरची पानशेत आणि वरसगाव, आणि या सगळ्यांचं पाणी येतं ते खडकवासला. तिथून उन्हाळ्यात पाणी जातं ते शहराला आणि कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला. नदीच्या पात्रात सुटतं ते नाममात्र. मुळशीचं बरंचसं पाणी तर वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला जातं, म्हणजे मुळेच्या पाणलोटाचं पाणी कोकणात उतरतं.

त्यामुळे "नदीला पाणी कधी येईल" हे विचारताना "कुठल्या नदीला" हे सांगावं लागतं. भीमा, घोड, कुकडी, इंद्रायणी यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबलेलं आणि खाली पात्र कोरडं, असं चित्र दहा-दहा किलोमीटरला बदलतं.

उन्हाळ्यात कोणत्या वेळी जावं?

पहाटे, उजाडायच्या सुमारास. साडेनऊ-दहाला उठून यावं. संध्याकाळी सहानंतरचा दीड तासही चांगला. भर दुपारी बसू नका. चाळीस अंशांत काठावरचा खडक हात ठेववणार नाही इतका तापतो, आणि मासाही खोल तळाशी जाऊन गप्प बसलेला असतो.

यामागचं कारण कळलं की वेळ पाठ करावी लागत नाही. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना तो 7.5च्या आसपास येतो. आणि तापलेल्या पाण्यात माशाच्या शरीराला तर उलट जास्त प्राणवायू लागतो. म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. त्यात डोहात शेवाळ माजलेलं असेल तर ते दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच तो वापरतं. त्यामुळे हिरव्यागार डोहात सर्वांत वाईट वेळ म्हणजे नेमकी पहाट. पाणी स्वच्छ असेल तर पहाटेसारखी वेळ नाही, आणि पाणी पिस्त्यासारखं हिरवं दिसत असेल तर त्या पहाटे मासे जीव धरून असतात. तिथे गळ टाकायचा नाही.

मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करतात. भुकेले असतात का?

नाही, गुदमरलेले असतात. पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा हवेला लागून असतो, तिथे थोडा जास्त प्राणवायू मिळतो, म्हणून ते तिथे येतात. अशा वेळी ते आमिषाकडे बघतही नाहीत, पण जाळ्यात किंवा नुसत्या टोपलीतही सापडतात. लोक टोपल्या भरून नेतात, ते बघवत नाही.

मरळ याला अपवाद. तिला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ती एरवीही मधूनमधून वर येऊन घोट घेऊन जाते. एकटाच मासा येऊन शांतपणे खाली गेला तर मरळ समजावी. थवाच्या थवा वर तोंड काढून असेल तर डोह संकटात आहे. जवळच्या शेतकऱ्याची मोटर असेल तर तासभर पाणी उपसून उंचावरून त्याच डोहात धार सोडायला सांगा. पडणाऱ्या धारेबरोबर हवा मिसळते. आम्ही दोनदा असं केलंय आणि दोन्ही वेळा उन्हं चढेपर्यंत मासे खाली गेले.

शहरात, मुळा-मुठेत गळ टाकला तर चालेल का? तो मासा खाता येईल का?

खाऊ नका. उन्हाळ्यात शहरातून जे वाहतं ते बहुतांशी सांडपाणीच असतं, वरून जलपर्णीचं झाकण. तळल्याने जंतू मरतात, पण अंगात मुरलेले जड धातू आणि रसायनं तेलात जळून जात नाहीत. संगमवाडी, बंडगार्डन, मुंढवा या पट्ट्यात मासे धरून विकणारे दिसतात. त्यांचं पोट त्यावर असेल, पण तो मासा मी माझ्या घरच्यांना घालणार नाही.

शहर संपलं की लगेच नदी सुधारते असंही नाही. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, म्हणजे शहराचं पाणी भीमेत आणि तिथून उजनीत. संगमाच्या वरची भीमा आणि खालची भीमा यांत मी फरक करतो.

याच नदीबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झालं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून. कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते 1839 साली प्रसिद्ध केलं आणि नाव देताना इथल्या लोकांच्या तोंडचा 'खुद्री' हा शब्दच त्यात ठेवला; आज त्याचं नाव टॉर खुद्री. कोळस माशाच्या शास्त्रीय नावातही आपला 'कोळस' तसाच बसलाय. ज्या पाण्याने जगाला हा मासा दाखवला, त्या पाण्यात आज बादली बुडवायला मन धजत नाही.

मग जायचं कुठे? परवानगी लागते का?

धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थांकडे असतो. मत्स्यव्यवसाय विभाग जलाशय ठेक्याने देतो, संस्था त्यात दरवर्षी मत्स्यबीज, बोटुकली सोडते आणि सभासद त्यावर जगतात. म्हणून एखाद्या जलाशयावर जाऊन थेट गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात शिरण्यासारखं आहे. आधी काठावरच्या गावात जा, संस्थेचं ऑफिस किंवा भोई मंडळींची वस्ती विचारा, काय पद्धत आहे ते कळून घ्या. बऱ्याच ठिकाणी हौशी गळवाल्यांकडून थोडी फी घेतात, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात. नाही म्हटलं तर वाद न घालता निघावं.

धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा आणि पिण्याच्या पाण्याचे उपसा केंद्र या भागात कोणाचीही परवानगी असली तरी बसू नये. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत तर गळच बाहेर काढायचा नाही.

मी स्वतः जातो ते मुख्यतः भीमेवर बंधाऱ्याच्या वरच्या तुंबाला, आणि वर्षातून एकदा भिगवणकडे उजनीच्या फुगवट्याला.

उजनी "मायनस"मध्ये गेली म्हणजे काय? तेव्हा मासेमारी चालते?

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराबाहेरचं तळाचं पाणी. पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं की लोक "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणतात. धरण रिकामं झालं असा त्याचा अर्थ नाही. पण फुगवटा मैलभर मागे सरकतो, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि काठाला गुडघा-गुडघा गाळ उरतो.

मासेमारी चालते, आणि दुर्दैवाने तेव्हाच वडाप जास्त चालतं. वडाप म्हणजे बारीक आसाचं जाळं लावून सगळं ओरबाडून काढणं. त्यात बोटभर बोटुकलीही सुटत नाही. भिगवणच्या बाजारात मी बोटाएवढ्या कटल्याचे ढीग पाहिलेत. तो मासा दोन वर्षांनी दोन-तीन किलोचा झाला असता. त्यावर चप्पू वल्हवणाऱ्या घरांचं वर्ष निघालं असतं. विकत घेताना बारीक रोहू-कटला-मृगळ घेऊ नका, एवढं तर गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात आहे.

कोणता मासा ठेवावा, कोणता सोडावा?

चिलापी निर्धास्त ठेवा. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, आपल्या देशात 1952 साली आणला गेला. काही महिन्यांतच पिलं द्यायला लागतो आणि मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, म्हणून जगण्याचं प्रमाण जबरदस्त. उन्हाळ्यात उथळ काठाला पाणी नितळ असेल तर तळाच्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे दिसतात, एकाला लागून एक. ती चिलापीच्या नरांनी केलेली घरं. प्रत्येक खळग्यावर एक काळपट नर घिरट्या घालतो आणि शेजारचा जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जातो. खळग्यांच्या कडेला कणकेची गोळी टाकली की गळ रिकामा येत नाही. ज्यांना मासे घरी न्यायचेच आहेत त्यांनी इथे बसावं. चिलापी कमी झाली तर आपल्या मूळच्या माशांना जागाच होते.

रोहू, कटला, मृगळ हे जलाशयात सोडलेले असतात. संस्थेची परवानगी असेल तर मोठा मासा ठेवा, पाऊण किलोच्या आतला सोडा.

वाम, मरळ, शिवडा, शिंगटी यांच्या बाबतीत मी पोट बघतो. मे महिन्यात पोट फुगलेलं, टम्म आणि मऊ लागलं तर गाभोळी भरलेली आहे असं समजून सोडतो. गाभोळी चवीला उत्तम, हे मला माहीत आहे. पण एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. ती पावसाला महिनाभर राहिलेला असताना तव्यावर टाकणं मला जमत नाही.

मरळीबाबत आणखी एक. काठाजवळ पाण्यावर तांबूस पुंजका उकळल्यासारखा वरखाली होताना दिसला तर तो किडा नाही. ती मरळीची शेकडो पिलं असतात, प्रत्येक जेमतेम नखाएवढं. पुंजक्याच्या खालीच आई-बाप राखण करत असतात. तिथे गळ टाकला की ते आमिषावर भुकेने नाही, रागाने झडप घालतात, म्हणून "हमखास मरळ" म्हणून लोक हीच जागा दाखवतात. पालक उचलला गेला की तासाभरात चिलापी आणि बाकीचे मासे तो पुंजका संपवतात. हा गळ कृपा करून टाकू नका.

महाशीर लागला तर सोडायचाच. तो हळू वाढतो, त्याला वाहतं स्वच्छ पाणी लागतं. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून त्याची पिलं तयार करून नद्या-जलाशयांत सोडली जात आहेत. देहूला इंद्रायणीच्या डोहात त्याला देवाचा मासा मानतात, कोणी हात लावत नाही, भाविक त्याला खायला घालतात. शास्त्रज्ञ 'संरक्षित क्षेत्र' म्हणतात ते आपल्या लोकांनी डोहाला देव मानून कधीच करून ठेवलं होतं. महाडकडचा वाळणकोंडही असाच.

मांगूर लागला आणि तो मोठा, ठिपक्याठिपक्यांचा आफ्रिकी असला तर परत पाण्यात सोडू नका. देशात 2000 सालापासून त्याच्या पैदाशीला बंदी आहे, कारण तो बाकीचे मासे खाऊन संपवतो. अंगावर खवल्यांऐवजी खडबडीत चिलखत असलेला सकर मासा लागला तर त्यालाही तोच नियम. हा घरच्या काचेच्या टाक्यांतून नदीत आलेला आहे. टाकी नकोशी झाली म्हणून मासे नदीत ओतणं ही दया नव्हे.

सोडायचा मासा कसा सोडावा?

हात आधी पाण्यात ओले करा. माशाच्या अंगावरची बुळबुळ हीच त्याची कातडी समजा, कोरड्या हाताने ती निघते आणि पुढे बुरशी धरते. तापलेल्या खडकावर तर ठेवूच नका. फोटो काढायचा असेल तर पाण्यात धरूनच काढा. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तंगूस तोंडाजवळ कापून टाका. मग मासा सरळ धरून ठेवा, तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे, स्वतःहून शेपूट मारेपर्यंत. कोमट पाण्यात याला दोन-तीन मिनिटंही लागतात.

झुंज लांबवू नका. उन्हाळ्यात दमलेला मासा सुटून गेला तरी पुढे मरू शकतो. म्हणून पाणी फार तापलं असेल त्या दिवशी "धरू आणि सोडू" हा खेळही बंद ठेवावा.

साहित्य काय घ्यावं?

महागडं काही नको. बांबूची काठी किंवा साधा रॉड, मध्यम जाडीचं तंगूस, लहान गळ, शिशाचं अगदी हलकं वजन. उन्हाळ्यात पाणी उथळ आणि नितळ असतं, त्यामुळे जाड तंगूस आणि जड शिसं माशाला दिसतं, ऐकू येतं. तरंगायला विकतचा बोंडा नसेल तर ज्वारीच्या ताटातला भेंड तीन बोटं कापून बांधा. मामा आजही तोच वापरतो आणि चिलापीची हलकी टोचणीसुद्धा त्यावर कळते.

आमिष : चिलापी, रोहूला कणकेत भुईमुगाची पेंड मळून केलेली गोळी, हरभऱ्याएवढी. कणीक घट्ट मळा, कोमट पाण्यात सैल गोळी लगेच विरघळते. वाम, शिंगटीला गांडूळ. गांडुळं उन्हात मरतात, ओल्या मातीच्या मडक्यात सावलीला ठेवा.

काठावर उभे राहू नका, बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. निम्मी मासेमारी एवढ्यातच आहे.

आणि तुटलेलं तंगूस खिशात घालून घरी आणा. भिगवणला एका चित्रबलाकाच्या (रंगीत करकोच्याच्या) पायात तंगसाचा गुंता मी पाहिलाय. पाय सुजून दुप्पट झाला होता, तो एका पायावर उभा होता आणि आम्ही जवळ गेलो की कसाबसा उडायचा. आमच्या हाती तो शेवटपर्यंत लागला नाही.

ब्लीचिंग पावडर, करंट, सुरुंग वापरणारे दिसले तर?

हा गुन्हा आहे. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारण्यावर 1897च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. लांबून फोटो काढा, गावच्या पोलीस पाटलांना आणि पोलिसांना कळवा, मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात तक्रार द्या. एकट्याने जाऊन अडवू नका. करंटवाल्यांच्या हातात पाण्यातली जिवंत तार असते.

आजोळच्या डोहात एका मे महिन्यात कोणीतरी रात्री ब्लीचिंग टाकलं. सकाळी आम्ही गेलो तर पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता. बारीक मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले. मग उन्हं वर आली तशा खडकांच्या फटींतून वामी बाहेर यायला लागल्या. वाम दिवसा कधी फट सोडत नाही. त्या अर्ध्या बाहेर येऊन तशाच लोंबकळत होत्या, कल्ले पांढरेफटक पडलेले. टाकणाऱ्यांनी मोठे मासे नेले होते आणि बाकीचं सगळं तिथेच मेलेलं सोडलं होतं. मामा पाण्यात उतरून एकेक वाम उचलून काठावर ठेवत राहिला, काही न बोलता. पुढची तीन वर्षं त्या डोहात वाम लागली नाही.

पाणी एवढं कमी असताना धोका कसला?

बुडण्याच्या बातम्या उन्हाळ्याच्या सुट्टीतच जास्त येतात. कारणं तीन.

पहिलं म्हणजे तळ सपाट नसतो. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल वाळूउपशाच्या खड्ड्यात किंवा रांजणखळग्यात, म्हणजे प्रवाहाने खडकात कोरलेल्या खोल खड्ड्यात, पडतं. कुकडीवर शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीजवळ हे रांजणखळगे आहेत, बघायला सुंदर, पण भिंती आतून गुळगुळीत. पडलेल्याला धरायला काही नसतं.

दुसरं, गाळ. जलाशयाचा काठ मागे सरकला की वरून वाळलेला, भेगाळलेला दिसणारा गाळ आत दह्यासारखा असतो. हातातली काठी आधी रोवून बघा. रुतलात तर उभ्याने पाय उपसू नका, आडवे व्हा आणि सरपटत बाहेर या.

तिसरं आणि सर्वांत फसवं म्हणजे सोडलेलं पाणी. कोरड्या पात्रात पाणी येतं तेव्हा आभाळ निरभ्र असतं. बंधाऱ्याचे ढापे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले, वरच्या धरणातून पिण्यासाठी पाणी सोडलं, की तासा-दोन तासांत नदी बदलते. एकदा मी पात्रातल्या खडकावर बसलो होतो. पाणी घोट्याला. आधी आवाज बदलला. वाळूवरून सरसर असा. पाण्यावर काटक्या आणि फेस दिसला. पंधरा-वीस मिनिटांत काठाकडे येताना कंबरेला पाणी लागत होतं, पिशवी आणि डबा गेला. वर ढापे काढल्याचं नंतर कळलं. तेव्हापासून गावात आधी विचारतो, "आवर्तन सुटलंय का, ढापे कधी काढणार?" आवर्तन म्हणजे धरणातून ठरल्या वेळी सोडलेलं पाणी. मेअखेरपासून पावसाळ्यापूर्वी ढापे काढायचं काम सुरू होतं, त्या दिवसांत पात्राच्या मधोमध बसूच नका.

शिंगटीचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा तास धरा, कळ उतरते. गळ रुतला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

वाळूच्या बेटावर बसलं तर चालेल ना?

बसण्याआधी पायाखाली बघा. मार्च ते मे हा नदी सुरय पक्ष्याचा अंडी घालायचा काळ. तो घरटं बांधत नाही, उघड्या वाळूत नुसता खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. पक्षी डोक्यावरून ओरडत झेपावायला लागला की तुम्ही घरट्याजवळ आहात, आल्या पावली मागे फिरा. तो उडालेला असताना दुपारच्या उन्हात अंडी काही मिनिटांतच खराब होतात. टिटवीचंही तसंच.

कासव गळाला लागलं तर ते कायद्याने संरक्षित आहे. घरी नेणं, विकणं गुन्हा. तंगूस कापा आणि सोडून द्या.

उन्हाळ्यातल्या माशाला मातकट वास येतो. काय करावं?

साचलेल्या पाण्यातल्या शेवाळामुळे आणि जिवाणूंमुळे तो वास माशाच्या मांसात उतरतो. आंबट त्याला मारतं. तुकड्यांना मीठ-हळद चोळून चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा, मग ते पाणी फेकून द्या. पोटाच्या आतली काळी त्वचा चमच्याने खरवडून काढा, चिलापीत ती जाड असते आणि निम्मा वास तिचाच. कालवणाला लसूण, धणे आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण आमच्याकडे घालतात. भाकरी बाजरीची नको, उन्हाळ्यात ज्वारीची.

मासा घरी नेताना बर्फात न्या. बर्फ नसेल तर ओल्या गोणपाटात, सावलीत. पिशवीत बांधून डिकीत ठेवलेला मासा तासाभरात वाया जातो. काठावर मेलेला सापडलेला मासा कितीही ताजा दिसला तरी खाऊ नका, तो कशाने मेला ते तुम्हाला माहीत नाही.

मुलांना नेऊ का?

जरूर न्या. एकाला एक मोठं माणूस, अंगात लाइफ जॅकेट, पाण्यात न उतरण्याची अट. त्यांना चिलापीचे खळगे दाखवा. माझ्या भाचीने पहिल्या दिवशी गळ हातातच घेतला नाही, दोन तास पोटावर पडून नुसते खळगे मोजत होती.

पहिला पाऊस पडल्यावर लगेच जावं का?

पहिल्या जोरदार पावसात शहराखालच्या नदीवर जाऊ नका. महिनोन्‌महिने नाल्यांत साठलेली घाण एका लोंढ्यात नदीत येते, प्राणवायू संपतो आणि मासे मरून तरंगतात. दरवर्षी "मासे मेले" या बातम्या बहुतेक त्याच आठवड्यातल्या असतात.

वर मावळ-मुळशीकडे ओढे वाहायला लागले की चढणीचे मासे निघतात. उथळ पाण्यात पाठी उघड्या टाकून, दगडांवरून उड्या मारत ते वर जातात. लोक काठ्या, जाळी, मच्छरदाण्या घेऊन धावतात. मी तेव्हा गळ घरी ठेवतो. ओढ्याच्या काठावर छत्री घेऊन उभा राहतो. मे महिन्यात सोडलेली एखादी वाम यात असेल का, हे शोधत बसतो.